परडीतले ओट्स

खव्यासाठी नावाजलेल्या आमच्या वाशी गावच्या बस स्टँडवर आईनं माझ्या बॅगेत परडी कोंबली, तेव्हा मी लाजेनं खांबाआड झालो. आयटीआय करून हैदराबादला लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला निघालेला रुबाबदार गडी, आणि बॅगेतून डोकावतंय काय, तर देवीच्या नावानं जोगवा मागायची वेताची टोपली!

घडलं असं की, त्या पहाटे आईनं देवघरातल्या येडाई देवीच्या टाकाला फूल लावून कौल मागितला होता. माझ्या लेकाला परक्या मुलखात पाच दारं आपली मिळतील का? फूल उजवीकडं पडलं.

"देवीनं शब्द दिला," आई म्हणाली. "तिथं पाच दारी जोगवा मागशील, त्या दिशी म्या खवा खाईन. तवर न्हाय."

मंडळी, आमच्या घरी खव्याची भट्टी. दिवसभर कढईत उलथणं फिरवणाऱ्या बाईनं खवा सोडणं म्हणजे काय, हे गावाकडं राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आणि मी? अठरा वर्षं फोनवर "पुढच्या मंगळवारी नक्की" म्हणत राहिलो. परडी माळ्यावर. बाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला माहीत आहे, शहरात शेजारी म्हणजे दारावरची पाटी. त्यांच्यापुढं टोपली धरायची? एक दार जरी तोंडावर आपटलं असतं, तरी आईच्या देवीचा शब्द खोटा पडला असता. ते बघायची माझी छाती नव्हती.

यंदा चैत्रात आई खव्याचा डबा घेऊन स्वतःच आली. मंगळवारी सकाळी परडी खाली, माझ्या कपाळाला हळद, गळ्यात कवड्यांची माळ.

"आई, इथं डिलिव्हरीवाल्यालासुद्धा वॉचमन विचारून सोडतो!"

"शब्द तिनं दिलाय का तू? तू निस्ता दारात हुबा ऱ्हा. बाकी तिचं ती बघंल."

आमच्याच चौथ्या मजल्यावरचं पहिलं दार तेलुगू शिक्षिकेचं. परडी बघून तिनं हात जोडले. "एल्लम्मा?"

"तिचीच भैन," आईनं जागच्या जागी नातं जुळवलं. ओंजळभर तांदूळ पडले.

दुसऱ्या दारात कानाला हेडफोन लावलेला दाढीवाला सॉफ्टवेअरवाला. त्यानं मोबाईल पुढं केला आणि टोपलीवर स्कॅनर शोधू लागला.

"पैसं नगं," आई म्हणाली. "पीठ घाल."

बिचाऱ्याकडं पीठ कुठलं? त्यानं परडीत ओट्स ओतले. तिसऱ्या दारी रवा मिळाला, चौथ्या दारी तूरडाळ.

पाचवं दार सोसायटीच्या सेक्रेटरीचं. गाडी लावण्यावरून तीन वर्षं आमची बोलचाल बंद. मी मागं वळणार, तोवर आईनं बेल दाबली होती. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत गेला. वॉचमनला फोन करतोय, मी ठरवून टाकलं.

तो बाहेर आला तो अनवाणी, हातात भरलेलं तांब्याचं भांडं. पीठ ओतता ओतता गुरगुरला, "क्या मियाँ, इत्ते साल बाजू में रह के आज आए?"

आईनं तिथंच पदराआडून खव्याचा डबा काढून उघडला. खव्याचा गोळा तोंडात टाकून डोळे मिटले.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"म्याच केलाय. वाईट कसा व्हईल?"

आणि पदर खोचून बाई लिफ्टसमोर नाचायलाच लागली! "उदो, उदो!" मीही पोट सावरत नाचलो. आमच्या दारातून बघणारी माझी बायको हसून भिंतीला टेकली. सेक्रेटरी टाळ्या वाजवत होता. देवीनं तिचा शब्द कधीचाच पाळला होता. मीच अठरा वर्षं दार वाजवलं नव्हतं.

गाव कुठलं असं विचारलं, तर मी अजून वाशीच सांगतो. घर विचारलं, तर आता चौथा मजला सांगतो, आख्खा.

कारण पुढच्या मंगळवारी सकाळी बेल वाजली. दारात तो सॉफ्टवेअरवाला, आंघोळ करून, हातात सॅलडचा रिकामा वाडगा.

"अंकल, आज मेरा नंबर है ना?"

त्याला वाटलं होतं, ही आमच्याकडची पाळीपाळीनं करायची रीत आहे. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, पण आईनं मला बाजूला सारलं, त्याच्या वाडग्यात ओंजळभर ज्वारी घातली आणि पायात चपला सरकवल्या.

"चार दारं ऱ्हायली," ती त्याला म्हणाली. "चल, म्या येते संगं."