मे महिन्यातली थंडी

महाळुंग्याच्या भैरू मिस्त्रीचा एक नियम होता: गिऱ्हाईक जितकं खुळं, तितकं ‘साहेब’ लांब ओढायचं. वाकडचा सलिल गॅरेजात आला, तेव्हा ते ‘साहेऽऽब’ पार देहूपर्यंत ऐकू गेलं असेल. स्वारी तीन महिने जर्मनीला राहून आली होती. येताना काचेवर पाणी उडवणारे, आपोआप तापणारे जेट आणले होते. का, तर बर्फात गोठू नयेत म्हणून! आणि इथे बॉनेटवर पापड भाजावा असं मे महिन्याचं ऊन.

भैरूने जेट बसवले, वायरी जोडल्या. पण ते तापणार पारा पाच अंशांच्या खाली गेला तरच, आणि सलिल तर चालू करून दाखवल्याशिवाय हलेना. शेवटी भैरूने शेजारच्या रसवंतीतून बर्फ आणला आणि फडक्यात गुंडाळून जेटच्या, थंडी ओळखणाऱ्या सेन्सरवर दाबून धरला. जेट कोमट झाले. बोट लावून पाहताच सलिल, पोरगं बोर्डात पहिलं आल्यासारखा फुलला.

“आता पाणी मारून बघू!” म्हणत त्याने बटण दाबलं. मोटर नुसतीच घरघरली. भैरूने जेटला पाणी पुरवणाऱ्या टाकीचं झाकण उघडलं. चार वर्षांच्या गाडीच्या त्या टाकीत कोळ्याने संसार थाटला होता.

ओलं फडकं टाकीत पिळत भैरू म्हणाला, “साहेऽऽब, थंडी आमी आणली. पाणी तरी तुमी भरा की!”