न भरलेली चार वर्षं

आमच्या घरात ग्रॅज्युएट झालेली पहिली मी. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. वडील इचलकरंजीत दुसऱ्याच्या मागावर कामाला, आई अंगणवाडीत मदतनीस. चौथीच्या स्कॉलरशिपला मी तालुक्याच्या यादीत आले तेव्हा मुख्याध्यापकांनी माझं नाव रंगीत खडूने फळ्यावर लिहिलं आणि आठवडाभर कुणाला पुसू दिलं नाही. मग सातवीची, मग दहावीनंतरची, मग कोल्हापुरात एम.एस्सी.ला असतानाची. पदवी काय, फी भरली की मिळते, असं वडील म्हणायचे. स्कॉलरशिप मात्र अंगात असल्याशिवाय कुणी देत नाही. आमच्याकडे तो शब्द सगळ्यात वरचा होता, आणि पुढची चूक मी त्याच शब्दाच्या भरवशावर केली.

बर्लिनच्या एका संशोधन संस्थेत मला पीएच.डी.ला घेतलं, तेव्हा ऑफिसातल्या बाईंनी माझ्यासमोर दोन कागद ठेवले. एक नोकरीचा करार, अर्ध्या जागेचा. दुसरा स्टिपेंडियम, म्हणजे शिष्यवृत्ती, चार वर्षांची. हातात पडणारी रक्कम जवळपास सारखीच. बाई म्हणाल्या, "घाई नाही. घरी जाऊन विचार करा. आमच्याकडचे बहुतेक जण करार घेतात."

मला वाटलं, त्यांना स्टिपेंडियम मिळत नसेल. मी तिथल्या तिथे सही केली आणि संध्याकाळी वडिलांना फोन लावला.

"नोकरी न्हवं ना?" त्यांनी विचारलं.

"नोकरीपण देत होते. मी स्कॉलरशिप घेतली."

"बेस केलंस. नोकरी काय, कुणीबी करतंय."

दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. त्याच्या घरी आजोबासुद्धा बी.ए. त्याला बर्लिनच्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागली आणि तो ब्लू कार्डावर आला. हा परदेशातून आलेल्या शिकलेल्या नोकरदाराचा परवाना. त्यावर सत्तावीस महिने नोकरी केली की कायम राहण्याचा हक्क मागता येतो. जर्मन भाषेची बी-वन परीक्षा पास असाल तर एकवीस महिन्यांतच. त्याच्या ऑफिसात सगळं इंग्रजीत चालायचं. परीक्षेचा विषय निघाला की तो म्हणायचा, "पुढच्या महिन्यात बसतो." पुढचा महिना काही आला नाही. चोविसाव्या महिन्यात कंपनीने त्याचा अख्खा विभाग बंद केला. नोटिशीचा महिना धरून पंचवीस झाले. दोन कमी पडले.

मी त्याला बोलायचं सोडलं नाही. "एकविसाव्याला कायमचं कार्ड हातात आलं असतं. एक परीक्षा, रे. माझ्या आईने पन्नाशीत अंगणवाडीची ट्रेनिंगं केली."

"तुझ्या आईला घरी येऊनही ऑफिसच्या मीटिंगा नव्हत्या," तो म्हणाला. "आणि तुझं काय? तू माझ्याआधी जवळपास तीन वर्षं आलीस."

"माझं आहेच. मी इथली डॉक्टरेट आहे. मला मिळालं की तू माझ्या नावावर राहा."

हे मी अगदी सहज बोलले. माझी पीएच.डी. तोवर झाली होती आणि त्याच संस्थेत करारावर नोकरी करून अकरा महिने झाले होते. इथे शिकलेल्यांसाठी नियम सोपा होता: दोन वर्षं परवाना, चोवीस महिने पेन्शनच्या खात्यात भरणा आणि हातात नोकरी. परवाना तर माझ्याकडे पाच वर्षं होता. त्याच्या ब्लू कार्डाला नवी नोकरी शोधायला थोडी मुदत मिळाली होती, पण ती संपत चालली होती. तेव्हा दोघांचं इथं राहणं आता माझ्या अर्जावर होतं आणि मला त्याची जराही काळजी नव्हती.

परदेशी लोकांच्या कचेरीत टर्मिन मिळाली. म्हणजे भेटीची वेळ. ती मिळवायलाच सात आठवडे गेले होते. काउंटरमागे पन्नाशीच्या बाई होत्या, चष्मा कपाळावर. त्यांनी माझी डॉक्टरेट बघितली, "मनःपूर्वक अभिनंदन," म्हणाल्या. मग पेन्शन खात्याचा कागद मागितला. आपल्याकडे जमिनीचा उतारा असतो तसा इथे माणसाच्या नोकरीचा असतो. कुठल्या महिन्यात कुणी किती भरलं, सगळं त्यात. मी तो पोस्टाने आला तसा न उघडता आणला होता.

बाईंनी पाकीट फोडलं. एकच पान निघालं. त्या पेन्सिलीने ओळी मोजत गेल्या आणि थांबल्या.

"अकरा," त्या म्हणाल्या.

"आणि आधीची चार वर्षं?"

"ती यात नाहीत. तुम्ही स्टिपेंडियमवर होतात?"

"हो. ती निवडीने मिळते." मी हे का जोडलं, मला ठाऊक नाही.

"आल्झो," बाई म्हणाल्या, म्हणजे 'तर मग', आणि खुर्ची जरा पुढे घेतली. "स्टिपेंडियम म्हणजे नोकरी नव्हे. त्यातून पेन्शन कापली जात नाही. तुम्ही इथे होतात, हे खरं. पण भरलेलं नाही."

"मी रोज सकाळी आठला लॅबमध्ये होते."

"मी तुमच्यावर विश्वास ठेवते," त्या म्हणाल्या, आणि तो त्यांनी खरंच ठेवला असावा. कागदावर त्याला रकाना नव्हता एवढंच.

नवरा सोबत आला होता. बाहेर आल्यावर ट्रामच्या थांब्यावर तो म्हणाला, "लॅबमध्ये तुझ्याबरोबर पीएच.डी.ला लागलेल्या त्या जर्मन मुलीने करार घेतला होता ना?"

"तुला आज बोलायचंय का हे?"

"नाही. मी फक्त विचारलं."

तिने करार घेतला होता. मी तिला मनातल्या मनात कमी हुशार समजत आले होते.

आणखी तेरा महिने हवे होते. माझ्या कराराचे उरले होते पाच. दुसऱ्या दिवशी मी प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी कॉफी दिली आणि आनंदाने सांगितलं की पुढची सोय त्यांनी आधीच बघून ठेवली आहे. एका प्रतिष्ठानाची दोन वर्षांची फेलोशिप. माझं बॅटरीवरचं काम पुरं करायचं, माझ्या नावाने. अख्ख्या देशातून मोजक्या लोकांना मिळते, म्हणाले.

"ही नोकरी असेल का?" मी विचारलं.

त्यांना प्रश्न कळला नाही. "स्टिपेंडियम आहे. त्यापेक्षा चांगलंच."

"हीच रक्कम कराराने देता येईल का?"

"प्रतिष्ठान तसं देत नाही. पण एकतिसाव्या वर्षी तुम्हाला पेन्शनची कसली चिंता?"

मी समजावलं. ते चांगले गृहस्थ. त्यांनी स्वतः कचेरीला पत्र लिहिलं. उत्तर नम्र होतं. स्टिपेंडियम घेऊन पेन्शन स्वखुशीने भरता येईल, पण अर्ज करताना हातात नोकरी लागते, आणि स्टिपेंडियम ही नोकरी धरली जात नाही. दोन वर्षांनी मी पुन्हा बिननोकरीचीच त्या काउंटरपुढे उभी राहिले असते. आणि नवऱ्याची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपत होती. त्याच्या इनबॉक्समध्ये रोज 'लायडर'ने, म्हणजे 'खेदाने'ने, सुरू होणारी उत्तरं येत होती. त्याला माझ्या परवान्यावर घ्यायचं तर कचेरी माझा पगार बघणार, कराराची लांबी बघणार.

मी तीन आठवड्यांत नोकरी शोधली. म्युनिकबाहेर उंटरश्लाइसहाइमला, प्रयोगशाळेची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत. उपकरणांच्या चाचण्यांचे अहवाल तपासायचे: सही आहे का, तारीख आहे का, पान सुटलंय का. चाचण्या दुसरे करणार. करार बेमुदत, पहिले सहा महिने प्रोबेशनचे.

प्राध्यापकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "शाडं." अरेरे, असा त्याचा अर्थ. मग त्यांनी विचारलं की फेलोशिपसाठी मी कुणाचं नाव सुचवीन. मी त्या करारवाल्या मुलीचं सुचवलं. कामाला ती खरंच चांगली होती.

वडिलांना सांगणं मात्र राहिलं होतं. आठवडाभर टाळून शेवटी बोलले.

"मिळालेली स्कॉलरशिप सोडलीस?" ते म्हणाले. "कशापायी?"

"इथं ती नोकरीत धरत नाहीत, बाबा. पेन्शन भरली जात नाही."

वडिलांनी चाळीस वर्षं माग चालवला. त्यांची पेन्शन कुणीच भरली नाही. मला वाटलं ते रागावतील.

"म्हंजी तू बी आमच्यागतच," ते म्हणाले. "राबलीस, पर कागदावर न्हाईस." आणि मग, "जावईबापूंस्नी काय बोलू नगंस. घरात बसल्याला माणूस लई बारीक हुतो."

तो सल्ला मी पाळला नाही. म्युनिकच्या बाजूला आलो, नव्या कचेरीत त्याचं नवं कार्ड झालं: माझा नवरा म्हणून राहण्याचं. सासूबाईंनी फोनवर विचारलं, "म्हणजे तो सुनेच्या व्हिसावर?" मी म्हटलं, "अहो आई, तो मुलगा तुमचा, व्हिसा माझा." त्याला हसू आलं नाही. पूर्वी तो स्वतःच म्हणाला असता, ई-मेलला अटॅचमेंट असते ना, तसा मी. आता तो सकाळी बी-वनच्या वर्गाला जातो, दुपारी अर्ज पाठवतो. मी संध्याकाळी दार उघडलं की जेवण तयार असतं, आणि आम्ही महिन्यांबद्दल बोलत नाही. मी एकदा बोलले होते. "ही परीक्षा तेव्हा दिली असतीस तर आज मी माझ्या लॅबमध्ये असते." त्यावर त्याने ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभ्याने जेवला. ते बोलणं मला परत घेता आलं नाही.

तेरांपैकी नऊ महिने झाले आहेत. प्रोबेशनचे सहा निभावले. गेल्या आठवड्यात आमच्या मजल्यावर कामाचे तास कमी होणार अशी बोलणी सुरू झाली आहेत. नोकरी सोडण्याविषयी बोलायला बेमुदत करारवाल्यांनाही बोलावणार म्हणतात. कायम राहण्याचा हक्क मिळेल की नाही, मला आज सांगता येत नाही.

परवा त्या मुलीची मेल आली. फेलोशिप तिला मिळाली आहे. आमचे बॅटरीचे जुने सेल तिला सापडत नव्हते, आणि माझ्या वहीतली एक खूण कळत नव्हती. मी अहवालांचा गठ्ठा बाजूला सारून तिला उत्तर लिहिलं: ग्लव्हबॉक्सशेजारचं कपाट, डावीकडचा खालचा कप्पा, निळ्या पट्टीचे. वर्तुळ केलेले तेवढे चांगले आहेत, त्यांच्यावरच पुढे कर. ते काम माझं होतं हे तिला ठाऊक आहे, म्हणून ते लिहिलं नाही. पाठवल्यावर मी पुढचा अहवाल घेतला. चौदाव्या पानावर तारीख नव्हती.