लांबून बांगडी, जवळून घड्याळ

ही पोस्ट कधीची लिहायची होती. रोज मोबाईल उघडतो, दोन ओळी लिहितो, खोडतो, मग रील बघत बसतो... आज नंदुरबारच्या स्टँडवर बसलोय, कुठली गाडी पकडायची तेही ठरत नाहीये. म्हटलं, लिहूनच टाकू.

माझी मोठी बहीण, ताई, गेल्या वर्षापासून आमच्याकडे कोरीटला आहे. जिजाजी अचानक गेले. त्या दिवशी बायकांनी तिच्या हातातल्या बांगड्या फोडल्या, आणि तेव्हापासून ती ओट्याच्या खाली उतरलेली नाही.

आधी ती नंदुरबारला शाळेत लहान मुलांना शिकवायची. तिथल्या मॅडमचा अजूनही फोन येतो की या, तुमची जागा ठेवलीये. ताई हो-नाही काहीच बोलत नाही. एकदा फक्त मला म्हणाली, बसमध्ये दांडा धरला की लोकांना सगळ्यात आधी हातच दिसतो रे...

ते डोक्यात बसलं. बांगडी तर कोणी घालू देणार नाही. पण घड्याळाला कोण काय म्हणेल? घड्याळ तर मास्तरीणही घालते, नर्सही घालते.

मग निघालो घड्याळ घ्यायला. आता माझं कसं आहे, एका कामाला निघालो की दुसरीकडे पोचतो. कोणी सांगितलं खापरच्या बाजारात गुजरातकडचा माल स्वस्त मिळतो, म्हणून तिकडे गेलो. तिथे एक मित्र भेटला, तो मणिबेलीला चालला होता... मी पण बोटीत बसलो. सगळीकडे धरणाचं पाणीच पाणी. तो हात करून दाखवत होता, इथे खाली घरं होती, इथे शेत होतं. मी खिशात हात घालून ताईची बांगडी चाचपत बसलो होतो.

हो, बांगडी. पेटीत तिची एक पितळी बांगडी राहून गेली होती. घड्याळाचं माप म्हणून तीच गुपचूप उचलली होती. ताईला विचारलं असतं तर नकोच म्हणाली असती.

खापरला चमकणारी घड्याळं खूप होती, पण पॉलिश नखाने निघत होतं. शेवटी परत नंदुरबारलाच एका छोट्या दुकानात गेलो. पट्ट्याचं नको, पट्टा पट्ट्यासारखाच दिसतो. मोठ्या डायलचं नको. दुकानवाल्या काकांनी क्वार्ट्झचं काढून दिलं. चावी द्यायची नाही, नुसता सेल बदलायचा. बारीक सोनेरी कड्यांचं ब्रेसलेट, बोटाच्या नखाएवढी डायल, आणि माझ्या खिशाला झेपेल असं.

लांबून बघितलं की बांगडीच वाटत होती. जवळून बघितलं की घड्याळ. मला तेच पाहिजे होतं... कोणी विचारलंच तर सांगता येईल ना, वेळ बघायला आहे म्हणून.

काकांनी चिडवलं, "घरवालीसाठी का रे भो?" मी म्हटलं, बहिणीसाठी. गॅरंटीसाठी त्यांनी माझा नंबर घेतला. मग बांगडीला ब्रेसलेट लावून बघितलं, म्हणाले बराबर आहे, एकही कडी काढायला नको.

घरी गेलो. ताईच्या हातात दुकानाचं नाव छापलेली डबी दिली. तिने घड्याळ घातलं, खटका लावला, आणि हात खाली सोडला... घड्याळ पंजावरून घसरून सरळ जमिनीवर.

बांगडी पंजावरून चढते, म्हणून ती मनगटापेक्षा मोठीच असते. हे पोरींना लहानपणापासून माहीत असतं. मला ते त्या दिवशी कळलं. आणि ताईचं मनगट इतकं वाळलंय, हेही त्या दिवशीच बघितलं.

आईने घड्याळ उचललं. उलटं-सुलटं करून बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हाई घड्याय नही, हाई बांगडी शे. लोके आंधया शेत का?"

तिने बरोब्बर ओळखलं होतं, आणि गावातले लोकही काही आंधळे नव्हते. ताई मात्र तिच्या हातातून घड्याळ घेऊन डबीत ठेवत हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे भाऊ. मन्हा हातले काही टिकत नही."

ती हे रडत म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती आपली चहा टाकायला उठली. मी चहा न पिताच निघालो. तेव्हापासून कोरीटला गेलो नाही... आईचा फोन आला तरी उचलत नाही.

एवढं फिरलो, पण एक साधं घड्याळ बहिणीच्या हातात राहू शकलं नाही माझ्याकडून. उलट तिला पुन्हा एकदा आमच्यासमोर रिकामा हात बघावा लागला. शाळा आता दुसरी कोणी बाई ठेवेल. चूक तरी कोणाची म्हणू? आई वाईट नाही. तिच्या डोळ्यांनाही गावच दिसतं.

थांबा, फोन येतोय... अनोळखी नंबर आहे.

घड्याळाच्या दुकानवाल्या काकांचा होता. म्हणाले, "भो, तुन्ही बहीण दुकानवर उनी शे. एकलीच शे. म्हनस, कड्या काढी द्या, मी थांबस."

कोरीटहून आलेली गाडी मघाशीच लागली होती समोर. मी मान खाली घालून हेच लिहीत बसलो होतो... ताई तिच्यातून उतरून माझ्यासमोरूनच दुकानाकडे चालत गेली असणार.