थर्मोस्टॅटचं गाऱ्हाणं

राग आला की माझा आवाज आपोआप रंगमंचावरचा होतो. गावच्या नाटकांत वर्षानुवर्षं राजाची कामं केल्याचा हा परिणाम. घरी त्याचा शून्य उपयोग. बायको म्हणते, "आधी मुकुट काढा, मग बोला." पण त्या दिवशी गॅरेजात मी मुकुट काढला नाही, आणि आज हे लिहितानाही तो डोक्यावर चढलेलाच आहे.

गाडी तिची. जुनी, पण तिची. हळर्णहून डिचोलीकडच्या एका शाळेत ती शिकवायला जाते. अर्धं आयुष्य बसची वाट बघण्यात घालवल्यावर पन्नाशीच्या तोंडावर ती ड्रायव्हिंग शिकली. गावानं विनोद केले. तिनं लायसन्स काढलं.

यंदा गाडीची टायमिंग चेन वाजायला लागली. सकाळी चावी फिरवली की डब्यात चिंचोके घालून हलवल्यासारखा आवाज. गॅरेजचा मेस्त्री म्हणाला, चेन ढिली पडलीय, निसटली तर इंजिन खलास. एवढं उघडतोच आहोत तर पाण्याचा पंप, होस पाइप आणि थर्मोस्टॅटही नवा घालू असं ठरलं. सगळं सामान मी स्वतः म्हापशाहून आणून त्याच्या हातात ठेवलं. चेन त्यानं उत्तम बसवली, खोटं कशाला बोलू? चिंचोके गप्प झाले.

आणि आठवड्याच्या आत डिचोलीच्या चढणीवर काटा लाल रेघेला टेकला. ती एकटी. बॉनेटमधून वाफ, मागून खनिजाचे ट्रक हाकणाऱ्या टिपरवाल्यांचे हॉर्न. तिनं गाडी कडेला घेतली, लगेच इंजिन बंद केलं. ते वाचलं ते तेवढ्यामुळेच.

गाडी ओढून गॅरेजात आणली. मेस्त्रीनं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. तिच्या तोंडावर म्हणाला, "बायकांच्या हातात गाडी दिली काय असाच होता. पाणी कोण बघतला?"

तिनं किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली. परतताना बसमध्ये एवढंच म्हणाली, "मी आता चालवणार नाही." दुसऱ्या दिवशी पर्स छातीशी धरून ती पुन्हा बसथांब्यावर उभी. ते बघून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पुढे गाडी तयार असल्याचा निरोप आला. शाळेला निघालेल्या तिला मी बळेच बरोबर घेतलं. "पाणी भरलंय, जावा घेवन," मेस्त्री म्हणाला. माझं लक्ष भिंतीवरच्या देवाच्या फोटोकडे गेलं. फोटोपुढे उदबत्ती जळत होती, आणि ती खोचली होती एका चकचकीत पितळी चकतीच्या भोकात. चकती ओळखीची होती.

"मेस्त्री, हा माझा थर्मोस्टॅट!"

"व्हय. आपल्याकडे थंडी खंय पडता? ता थंड देशातल्या गाड्यांका. मी सगळ्यांचेच काढून टाकतंय."

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापलं की उघडणारी झडप. आमच्या इंजिनात ती उघडताना पाण्याची एक आडवाट बंद करते. झडपच नसली की बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता त्या आडवाटेनं तसंच गरम परत इंजिनात. चढणीवर वाफ निघाली ती ह्या शहाणपणाची! आणि नाव माझ्या बायकोचं!

मी हात जोडले आणि देवाच्या फोटोसमोर आवाज लावला.

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा एकजण देवाला सांगतो आणि जमलेले लोक वाक्यागणिक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ते शिंकेसारखं असतं, आवरत नाही.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाकावर खोळंबलेले दोन टिपरवाले उभेच राहिले.

"जेणी नवो कोरो थर्मोस्टॅट काढून तुका उदबत्तीक दिल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि आपली चूक घरच्या लक्ष्मीच्या माथ्यार मारल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

"तो आज, आत्ता, ह्या जाग्यार, थर्मोस्टॅट परत बसवन देयत..."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज मेस्त्रीचा. हातातल्या तेलकट फडक्यासकट त्यानं हात जोडले होते. मग त्याची जीभ दातांखाली गेली.

"आता बोललास मरे," एक टिपरवाला म्हणाला. "देवासमोर बोललास."

मेस्त्रीनं उदबत्ती दुसरीकडे खोचली आणि पाने हातात घेतले. झडप बसेपर्यंत मी पुटपुटत येरझाऱ्या घालत होतो. झाल्यावर त्यानं किल्ली माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला.

"ती इकडे द्या," बायको म्हणाली. ती स्टिअरिंगवर बसली. "मेस्त्री, तुम्ही बाजूला बसा. त्याच चढणीवर जाऊ."

मी मागचं दार उघडलं.

"तुम्ही नको. मध्येच देवाला हाक माराल."

मी राहिलो टिपरवाल्यांबरोबर. बऱ्याच वेळानं गाडी परतली. मेस्त्री उतरला.

"तापली?" टिपरवाल्यानं विचारलं.

"नाय."

"कोण चालवी होता?"

मेस्त्री फडक्याला हात पुसत काहीतरी पुटपुटला.

"अरे, आयकाक नाय इला!"

"वैनी चालवी होती!" मेस्त्री ओरडला.

तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तोवर गाडी वळवून ती शाळेच्या वाटेला लागली होती. मला घ्यायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. मी बसनं घरी आलो.