वार पुरायच्या आधी

नारळाची एक वाटी खवून झाली होती, दुसरी मांडीपाशी तशीच पडली होती, तेवढ्यात कुंपणाशी नर्स पिसिला दिसली. हातात आइस्क्रीमचा जुना डबा. आत काय आहे ते लेसिएलीला न सांगताच कळलं. सुनेची, मेलेनाइतेची वार. टोंगातल्या या वावाऊ बेटावर ती घरच्या जमिनीत पुरायची रीत, आणि या घरी तो मान आजीचा.

"पोर कसंय गं?"

"काचेच्या पेटीत. ओंजळीएवढं आहे, पण आवाज थेट तुझा, मावशी. वॉर्डात कुणाला झोप नाही." पिसिला पायरीवर टेकली. "वार बघितली मी. लहानशी, जागोजागी पांढरट. आईचा दाब असा चढला की वारेला रक्त पुरत नाही. अन्न बाळापर्यंत पोचवायला तिथं विकरं, म्हणजे एन्झाइमं, राबत असतात, त्यांचंही काम बिघडतं. पोर पोटातच उपाशी राहिलं. तुझ्या खाऊ घालण्यात काही कमी नव्हतं हो."

खाऊ घालण्यात नव्हतं. लेसिएलीनं मान खाली घातली.

मेलेनाइतेचे पाय सुजले, तोंड सुजलं, तेव्हा चर्चमधल्या बायका म्हणाल्या होत्या, "सून काय भरलीय! सासूचा हात मानवला!" अंगानं भरलेली सून म्हणजे घराची शोभा, लेसिएली फुलून गेली. तपासणीच्या दिवशी सून म्हणाली, "आई, डोकं ठणकतंय, जाऊन येऊ का?" तर हिनंच दटावलं, "एवढी गुबगुबीत तू, त्या आजारी बायकांत कशाला बसतेस? चटई विणून संपव आधी." रविवारी प्रार्थना चालू असतानाच पोरीला झटका आला.

"तपासणीला का आणली नाही?" इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं.

"ऐकेल तर ना ती!" लेसिएलीच्या तोंडून निघून गेलं.

शुद्धीवर आल्यावर सुनेनं डॉक्टरांची बोलणी मुकाट खाल्ली. सासूचं नाव काढलं नाही.

तेव्हापासून लेसिएली देवाकडे क्षमा मागत होती. पण खोटं ती देवाशी बोलली नव्हती.

"खड्डा कुठं खणायचा, मावशी?"

"आत्ता नाही. डबा शेजारच्या फ्रीजमध्ये ठेव. मेलेनाइते घरी येऊ दे. ती हो म्हणाली तरच मी हात लावीन."

"आणि हे खोबरं?"

"कोंबड्यांना घाल!"

लेसिएलीनं हात धुतले, मोठ्या माणसांपुढे जाताना नेसायची मानाची चटई कमरेला गुंडाळली, आणि डॉक्टरांना खरं सांगायला ती इस्पितळाकडे निघाली.