गोदामामागची खोटी गल्ली

दिनांक ३ जून रोजी भूमापन कार्यालयाने शहराच्या नव्या नकाशातून आमची गल्ली वगळली, याची मी येथे लेखी नोंद करीत आहे.

माझे थोरले बंधू त्याच कार्यालयात छत्तीस वर्षे आरेखक होते. नकाशा कोणी चोरून छापल्यास ओळखता यावा, म्हणून ते त्यात एक खोटी गल्ली काढीत. नव्या साहेबांनी ती खोडायला घेतली आणि खोडली आमची. गोदामामागची खोटी गल्ली तशीच राहिली.

"दादा, हसताय काय?" मी चिडलो.

"अरे, खरीपेक्षा माझीच खरी वाटली त्यांना! बघून तरी येतो."

मोजपट्टी घेऊन गेलेले दादा परतले नाहीत. गोदामामागे मी स्वतः पाहिले; तिथे नुसती भिंत आहे.

टपालवाला मात्र म्हणतो, "तुमची पत्रं नकाशा बघून त्या गल्लीतच देतो की! दादा सही करून घेतात."

पोचपावतीवरची सही दादांचीच आहे.

आता कार्यालय चूक सुधारून ती गल्ली पुसणार आहे. वाचकहो, दादा बाहेर येईपर्यंत ती पुसू नये, असे कार्यालयास आजच लेखी कळवा.