अक्षय्यतृतीयेला लावलेला दुधी

सासूबाई एप्रिलमध्ये आल्या त्या दिवशी डब्लिनमध्ये बर्फ भुरभुरत होता. हे डब्लिन ओहायोमधलं. आमची घरांची रांग नवी कोरी होती आणि तिच्या मागे थेट मक्याची शेतं. सासूबाईंनी गाडीतून उतरून आभाळाकडे पाहिलं आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "तू चैत्र म्हणाला होतास ना?"

मला त्यांची गरज होती, हे आधीच सांगून टाकते. मुलगी अडीच वर्षांची होती आणि मला कोलंबसमधल्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, माझ्या शिक्षणाला शोभेल अशी पहिलीच. पाळणाघरात मुलगी आठवडाभर रडली आणि शेवटी तापली. सासूबाईंना सहा महिने राहता येत होतं, आणि अर्ज केला तर आणखी सहा. तेवढ्यात मुलीला नर्सरीत घातलं असतं. म्हणजे त्या राहिल्या तर माझी नोकरी राहणार होती. लोकांना मात्र मी सांगत असे की सासरे गेल्यावर त्या एकट्या पडल्या, म्हणून प्रेमाने बोलावून घेतलं.

पहिले पंधरा दिवस त्या खिडकीत बसून होत्या. "इथे माणसं राहतात, की नुसत्या मोटारी?" असं एकदा म्हणाल्या. मुलगी त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, त्या तिच्याशी मराठीत, आणि दोघींचं छान चालायचं. पण चिपळूणजवळच्या आपल्या घरी पहाटेपासून परसात राबणारी बाई इथे दहा वाजेपर्यंत सगळं आवरून मोकळी व्हायची. "माझं इथे काम काय?" हे वाक्य जेवताना एकदा तरी यायचंच. ते ऐकलं की मी घाईने विषय बदलायचे.

मग एक दिवस मी कामावरून आले तर मागच्या लॉनमध्ये चार खड्डे. मुलीच्या वाळूत खेळायच्या फावड्याने खणलेले.

"आई, अगं लॉन आहे ते!" नवरा ओरडला.

"मग? गवत खायला म्हैस आहे का तुझ्याकडे?"

बिया त्यांनी घरूनच आणल्या होत्या, जुन्या रुमालात बांधून, साडीच्या घडीत. विमानतळावर कस्टमच्या माणसाने इंग्रजीत काय ते विचारलं, यांनी मराठीत सविस्तर उत्तर दिलं, आणि त्याने कंटाळून पुढे जाऊ दिलं. सगळ्या बिया दुधीच्या, त्यांच्या स्वतःच्या वेलावरच्या. सासऱ्यांच्या हयातीत लावलेल्या वेलाचं बी त्या दरवर्षी धरून ठेवत आल्या होत्या.

त्यांच्याकडे वेलाचं बी अक्षय्यतृतीयेला लावतात. त्या वर्षी ती मे महिन्याच्या सुरुवातीला होती. देशातून आणलेलं कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगलेलं होतंच. शेजारी एक अमेरिकन म्हातारे राहायचे. आमची घरं ज्या जमिनीवर उभी होती तिच्यातला एक तुकडा पूर्वी त्यांचा होता. ते कुंपणाशी येऊन मला म्हणाले, "टेल हर टु वेट. नथिंग गोज इन बिफोर मेमोरियल डे." म्हणजे मे अखेरपर्यंत काही लावायचं नाही. मी ते सांगितलं. वर लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकातलं पानही दाखवलं.

"त्याचं त्याच्यापाशी," सासूबाई म्हणाल्या. "अक्षय्यतृतीयेला लावलेलं मरत नाही. आणि तू पुस्तक काय दाखवतेस? तुझ्या हातून कधी शेपू तरी उगवलाय?"

हे त्या आमच्या घरी जेवायला आलेल्या चार मराठी कुटुंबांसमोर म्हणाल्या. सगळे हसले, नवराही हसला. मला ते लागलं. आता लिहितानाही थोडं लागतंच, खोटं कशाला बोलू.

त्यांनी रात्रभर भिजवलेल्या बिया आळ्यांत उभ्या खोचल्या, हळदकुंकू वाहिलं आणि निम्म्या बिया परत रुमालात बांधून ठेवल्या. आणि काय सांगावं, दुसऱ्या दिवसापासून ओहायोत उकडायला लागलं. आठवडाभर पंखे लावले. नवव्या दिवशी त्या पिवळ्या चिकणमातीतून जाड, हिरव्या दोन-दोन पानांनी डोकं वर काढलं. सासूबाईंनी मला हात धरून बाहेर नेलं. "म्हटलं नव्हतं?" महिन्याभरात पहिल्यांदा त्या मोकळ्या हसल्या होत्या. जेवताना "माझं इथे काम काय" हेही आलं नाही. मी कामावर गेल्या गेल्या साहेबांना सांगून टाकलं की वर्षभर तरी माझी अडचण नाही.

मे महिन्याची वीस-एकवीस तारीख असेल. संध्याकाळच्या बातम्या लागल्या होत्या. सासूबाई मुलीला भरवत होत्या, मी कपड्यांच्या घड्या घालत होते. हवामान सांगणारा माणूस म्हणाला की पहाटे हिमकण पडतील, ज्यांनी रोपं लावली असतील त्यांनी ती झाकून घ्या.

मी ऐकलं. माझ्या हातात त्या वेळी चादरच होती. झाकायला पाच मिनिटंही लागली नसती. पण चादरी नव्या होत्या, आणि खरं कारण तेही नव्हतं. मनात आलं, जिरू दे जरा. एकदा कळू दे की पुस्तकातलंही खरं असतं. मी चादरीची घडी घातली, टीव्ही बंद केला आणि विचारलं, "आई, उद्या पोहे करू का?"

सकाळी चारही वेलांची पानं काळी पडून लोळत होती, उकडून काढलेल्या पालकासारखी. सासूबाई आळ्यांजवळ उभ्या होत्या. मी शेजारी जाऊन म्हणाले, "अरेरे! अचानकच की हो!" त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "जाऊ दे. मुलीचं दूध उतू जाईल बघ."

जिरली ती माझीच. तीन दिवस त्या बागेत फिरकल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला परतीच्या तिकिटाची तारीख विचारली. मी प्रयोगशाळेतल्या बाथरूममध्ये जाऊन रडले. त्यांच्यासाठी नव्हे, माझ्या नोकरीसाठी.

मग मी शेजारच्या आजोबांकडे गेले. ते दुधाचे प्लास्टिकचे रिकामे कॅन घेऊन आले, बूड कापलेले, रोपावर टोपीसारखे उपडे घालायला. त्यांना मराठी येत नव्हतं, यांना इंग्रजी. तरी तासभर दोघं उकिडवी बसून बोलली. ते माती चुरडून दाखवत, या नाक मुरडत. मेमोरियल डेच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी रुमाल सोडला. "हा बरा आहे," एवढंच म्हणाल्या. आजोबांना आग्रह करून शिरा खायला घातला.

जूनमध्ये गारांनी एकदा पानांची चाळण केली. जुलैत तीन आठवडे पाऊस नाही. एकदा ऐन उन्हाळ्यात एवढा गारठा पडला की मुलीला स्वेटर घालावा लागला. तरी वेल घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर चढले, तिथून गॅरेजच्या पन्हळीवर गेले. संध्याकाळी पांढरी फुलं उमलली की सासूबाई नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला लावायच्या. इथल्या पतंगांवर त्यांचा विश्वास नव्हता. ऑगस्टअखेर डेकखाली एका वेळी अकरा दुधी लोंबत होते. शनिवारी युनिव्हर्सिटीतली मराठी मुलं जेवायला यायची. घरी असताना दुधी बघून पळून जाणारी ती पोरं इथे ताटावर तुटून पडत. "काकू, सिरियसली, हे फ्रीझ करून द्या ना यार," एकजण म्हणाला, तेव्हा काकूंनी त्याला अख्खे दोन दुधी दिले आणि सोलायचं कसं ते शिकवलं.

मी निर्धास्त झाले. सप्टेंबरमध्ये मुदत वाढवायचा अर्ज आणून टेबलावर ठेवला. सासूबाई रोज तो उचलून टेबल पुसायच्या आणि परत तिथेच ठेवायच्या. सही करत नव्हत्या. विचारलं की "बघू."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात टीव्हीवर पुन्हा हिमकणांचा इशारा आला. वेलावर एक दुधी बियाण्यासाठी ठेवलेला होता, अजून पुरता वाळला नव्हता. या वेळी मी उठले, आमच्या पलंगावरची रजई, मुलीचं ब्लँकेट, नव्या चादरी, सगळं घेऊन बाहेर गेले आणि वेल झाकला. सासूबाई डेकवर येऊन बघत होत्या. मी घाईघाईत चिमटे लावले. मग मला राहवलं नाही.

"आई, मे महिन्यात टीव्हीवर सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. मुद्दाम बोलले नाही."

"ठाऊक आहे."

मी उरलेले चिमटे कठड्यावर ठेवले.

"नकाशावर तीस आकडा होता. इथल्या मापात बत्तीसला पाणी गोठतं, हे मला मुलाने आल्या आल्याच सांगितलं होतं. आकडे वाचता येतात मला."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत? आपण झाकलं असतं!"

"झाकलं होतं की. माझ्या दोन साड्या घातल्या होत्या. सुती, त्या कुठे पुरणार? तू उठायच्या आत काढून घेतल्या."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"चादर मागायची ना, आई."

"मागितली असती तर दिली असतीस. नाही असं नाही," त्या म्हणाल्या. "पण मागायला लागली असती. घरी मला मागावं लागत नाही गं. बरं आहे इथे, मुलीचाही लळा लागलाय. पण जाते मी. तो कागद उचलून ठेव."

पुढच्या आठवड्यात त्या गेल्या. मुलगी पाळणाघरात चार दिवस रडली आणि पाचव्या दिवशी खेळायला लागली. नोकरी राहिली, पुढे अठरा वर्षं केली. ज्या गोष्टीसाठी मी इतकी घाबरले होते ती त्यांच्यावाचूनही सहज निभावली. पुढे मी त्यांना दोनदा, तीनदा बोलावलं, या वेळी खरंच त्यांच्यासाठी. दर वेळी "बघू" म्हणाल्या, आणि आल्या नाहीत.

त्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीतलं अंथरूण काढलं. धुतलेल्या चादरी ठेवायला जिन्याजवळचं कपाट उघडलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सहा महिन्यांत मी त्यांना ते कपाट एकदाही दाखवलं नव्हतं.